जन्माची नोंद मुलासाठीही हवी

भारतात आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून मूल होण्याचा उपचार) आणि सरोगसीच्या कायद्यांवरून चाललेला वाद मी इथे, इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला बसून गेली काही वर्षं वाचते आहे. दोन्ही कायदे 2021 चे, लागू झाले 25 जानेवारी 2022 पासून. तेव्हापासून न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत समोर येतो: मूल कुणाला मिळावं? बायकोचं वय पन्नासच्या पुढे गेलं असेल तर? बाई अविवाहित असेल तर? सरोगसीत दोघांपैकी एकाचं बीज, म्हणजे स्त्रीबीज किंवा शुक्राणू, डोनरचं असेल तर? मार्च 2023 मध्ये सरकारने सरोगसीत डोनरचं बीज वापरणंच बंद केलं. एमआरकेएच या जन्मजात विकाराने आई होऊ न शकणारी एक स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली, तिला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलासा मिळाला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये वैद्यकीय कारण असेल तर एकाचं बीज डोनरचं चालेल अशी दुरुस्ती आली. कायद्याआधीच भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना नवी वयोमर्यादा लावता येणार नाही, हा निकाल ऑक्टोबर 2025 मधला.

या प्रश्नांपायी कितीतरी जोडप्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून त्यांच्यावर भांडायलाच हवं. पण या सगळ्या भांडणात मला एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे या उपचारातून जन्मून मोठं झालेलं मूल. पाळण्यातल्या बाळाची काळजी कायदा करतो. ते अठरा वर्षांचं होऊन ‘मी कुणाच्या बीजातून आलो?’ असं विचारेल तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचं, यावर आपल्याकडे जवळजवळ चर्चाच झालेली नाही.

माझी मुलगी डोनर एगमधून, म्हणजे दुसऱ्या स्त्रीने दान केलेल्या बीजातून झाली आहे. आमच्या घरात हे तिला बोलता यायला लागल्यापासून माहीत आहे. हा लेख लिहू का, असं मी तिला आधी विचारलं. आपलं नाव छापायचं नाही, एवढीच तिची अट.

ओल्डहॅम हे मँचेस्टरला लागून असलेलं, जुन्या सूतगिरण्यांचं गाव. 25 जुलै 1978 च्या रात्री इथल्या जनरल हॉस्पिटलमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, आयव्हीएफचं जगातलं पहिलं बाळ. तिच्या आईवडिलांना लोकांची घाणेरडी पत्रं आली. पण त्या दोघांनी मुलीपासून काही लपवलं नाही. शाळेत जाण्याआधी, चार वर्षांची असताना, तिला तिच्या जन्माची फिल्म दाखवली. बाहेर पोरं काहीबाही बोलणार, तर त्याआधी घरातून कळलेलं बरं, हा साधा विचार. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. शिकलेलं, पैसेवालं घर नव्हतं ते. वडील रेल्वेत काम करत.

त्याच कामामागे तीन माणसं होती: शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो, शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी. पर्डी मूळची परिचारिका, पुढे भ्रूणतज्ज्ञ झाली. ओल्डहॅमच्या हॉस्पिटलमध्ये लावायच्या पाटीवर तिचंही नाव घ्या, असं एडवर्ड्सनी इथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना लिहून कळवलं होतं. त्यांनी ते मानलं नाही. पर्डी 1985 मध्ये गेली, अवघ्या 39 व्या वर्षी. एडवर्ड्सना 2010 मध्ये नोबेल मिळालं. तिघांची नावं असलेली पाटी लागली ती 2015 मध्ये.

आपल्याकडची गोष्ट याहून कितीतरी दुःखद आहे. लुईसनंतर 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 ला, कोलकात्यात दुर्गा जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जींनी तिचं भ्रूण गोठवून ठेवलं होतं आणि नंतर आईच्या गर्भाशयात सोडलं होतं. आज जगभर जे रोज केलं जातं ते त्यांनी तेव्हा तुटपुंज्या साधनांनिशी केलं. राज्य सरकारने समिती नेमली, समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. त्यांना जपानला जाऊन आपलं काम मांडू दिलं नाही, नंतर त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. 19 जून 1981 ला त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईच्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणं तपासली आणि 1997 मध्ये जाहीरपणे सांगितलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचं श्रेय मुखर्जींचं आहे. हे सांगताना आनंद कुमारांनी स्वतःच्याच कामाचा पहिलेपणा सोडून दिला. 6 ऑगस्ट 1986 ला परळच्या केईएममध्ये जन्मलेली हर्षा चावडा तोपर्यंत पहिली मानली जात होती, आणि ते काम डॉ. इंदिरा हिंदुजा आणि स्वतः आनंद कुमार यांनी केलेलं होतं. असा प्रामाणिकपणा मला वंदनीय वाटतो.

मुखर्जींच्या छळाला नोकरशाही आणि मत्सर जबाबदार होता, हे सगळेच म्हणतात. त्यात मी आणखी एक कारण धरते: लपवाछपवी. लोक काय म्हणतील या भीतीने दुर्गाचं कुटुंब पुढे आलं नाही. डॉक्टरांचा सर्वांत मोठा पुरावा एका घरात वाढत होता, शाळेत जात होता, आणि तो कुणाला दाखवता येत नव्हता. दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अग्रवाल, पंचविसाव्या वर्षी जाहीरपणे बोलली, तेव्हा डॉक्टरांना जाऊन वीस वर्षं उलटली होती. मी त्या आईवडिलांना दोष देत नाही. 1978 मध्ये भारतात एखाद्या मध्यमवर्गीय घराने दुसरं काय केलं असतं? पण जन्म लपवण्याची किंमत त्या घराबाहेरच्या माणसालाही मोजावी लागते, हे तिथे दिसलं.

आज आयव्हीएफची लाज पुष्कळ कमी झाली आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात क्लिनिकच्या मोठाल्या पाट्या रस्त्यावर लागलेल्या असतात. सांगलीतल्या माझ्या मैत्रिणी “दुसरी सायकल चालू आहे”, म्हणजे उपचाराची दुसरी फेरी, असं मोकळेपणाने सांगतात. गोव्यात 2023 पासून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजमध्ये हे उपचार मोफत मिळू लागले. लाज आता एक पायरी खाली सरकली आहे, डोनरपाशी. डोहाळजेवण होतं, बारसं होतं, आलेली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ते ठरवते, आणि आई हसून मान डोलावते. नवऱ्याचे शुक्राणू नसतील तर त्या घरात याहूनही गडद शांतता असते. मूल न होण्याचा बोल आपल्याकडे बाईने सोसायचा असतो, त्यामुळे बाप्याचा दोष झाकण्यासाठी बाई ‘माझ्यातच दोष आहे’ असंही सांगते. हे मी माझ्याच नात्यात पाहिलं आहे.

ब्रिटनमध्येही सुरुवातीला हेच होतं. तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या समितीचा अहवाल 1984 चा, त्यावर आधारलेला कायदा 1990 चा, आणि त्यातून 1991 मध्ये एचएफईए ही अशा उपचारांवर देखरेख करणारी नियामक संस्था उभी राहिली. तेव्हाही डोनर निनावीच होता. मग डोनरपासून झालेली मुलं मोठी झाली आणि बोलायला लागली. आपल्या आजाराचा इतिहास विचारला की डॉक्टरांपुढे गप्प बसावं लागतं, एकाच डोनरपासून झालेली भावंडं रस्त्यात भेटली तरी कळायचं नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि काहीजण कोर्टात गेले. 1 एप्रिल 2005 पासून नियम बदलला. त्यानंतर नोंदणी केलेल्या डोनरच्या बीजातून झालेल्या व्यक्तीला अठरा पूर्ण झाल्यावर डोनरचं नाव, जन्मतारीख आणि शेवटचा ठाऊक असलेला पत्ता मागता येतो. सोळाव्या वर्षी ओळख न पटवणारी माहिती मिळते. या नियमाखालची पहिली मुलं 2023 च्या अखेरीपासून अठरा वर्षांची होऊ लागली. आज ती अर्ज करत आहेत.

प्रत्यक्षात हे फार शांतपणे चालतं. मुलाने अर्ज केला की डोनरला कळवतात, दोघांनाही समुपदेशन मिळू शकतं. डोनरवर मुलाची कसलीही कायदेशीर किंवा आर्थिक जबाबदारी नसते. भेटायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शिवाय दान करतानाच डोनरकडून स्वतःचं वर्णन आणि होणाऱ्या मुलासाठी चार ओळी लिहून घेतात. आमच्या डोनरने लिहिलेलं पान माझ्या मुलीला जवळजवळ पाठ आहे. त्या बाईंना वाचायला आवडतं आणि त्यांना पोहायची भीती वाटते, हे तिला ठाऊक आहे. मुलगी पोहायला शिकताना घाबरली तेव्हा तिला त्या पानाचा आधार वाटला. आईपण माझं होतं ते तसूभरही कमी झालं नाही.

आता भारतीय कायदा पाहा. त्यात चांगलं खूप आहे आणि ते मी इथल्या लोकांनाही सांगते. स्त्रीने आयुष्यात एकदाच बीजदान करायचं, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, तिचा विमा काढायचा. एका डोनरचं बीज एकाच जोडप्याला द्यायचं. ब्रिटनमध्ये एका डोनरपासून दहा कुटुंबांपर्यंत मुलं होऊ शकतात. म्हणजे अनोळखी भावंडांच्या प्रश्नावर भारताचा नियम अधिक कडक आहे. त्या कडकपणामुळे डोनर मिळेनासे झाले आणि काही व्यवहार आडमार्गाने होऊ लागले, ही डॉक्टरांची तक्रार मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. पण नियमामागचा विचार योग्य आहे.

आणि नोंद? ती तर फारच पक्की आहे. डोनरकडून बीज घेणाऱ्या बँकेने त्याचं नाव, पत्ता, आधार क्रमांक घ्यायचा. या नोंदी किमान दहा वर्षं ठेवायच्या आणि मग राष्ट्रीय नोंदवहीकडे सुपूर्द करायच्या. म्हणजे ज्या माहितीसाठी इथल्या मुलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, ती माहिती भारतात पहिल्या दिवसापासून गोळा होते आहे. फक्त ती ज्याच्याबद्दल आहे त्याला ती मागण्याचा हक्क नाही. क्लिनिक पाहू शकतं, सरकार पाहू शकतं, न्यायालयाने सांगितलं तर उघड करता येते. मूल सज्ञान झालं तरी स्वतःहून अर्ज करून नाव मागू शकत नाही. मला हा अन्याय वाटतो.

विशेष म्हणजे याच देशाने दत्तक मुलांच्या बाबतीत वेगळा विचार केला आहे. दत्तकविषयक नियमांत रूट सर्चची, म्हणजे आपलं मूळ शोधण्याची, तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी त्यांची संमती विचारतात. हा नियम आहे म्हणून दत्तक घेणारे लोक पळून गेले नाहीत. मग डोनरच्या मुलासाठी तेवढीही वाट का नसावी? एका मुलाला मूळ असतं आणि दुसऱ्याला नसतं का?

हे मी बोलू लागले की मिरजेची माझी आत्या फोनवर मला थांबवते. तिचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत देते. “अगं, पोर तुझी आहे. नऊ महिने तू वाढवलीस, रात्री तू जागलीस. त्या बाईचं नाव पोरीच्या डोक्यात कशाला घालतेस? उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगशील?” आत्याचं माझ्या लेकीवर जिवापाड प्रेम आहे, म्हणून मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू शकत नाही.

तिच्या प्रश्नात जात आहे, आणि ते तिलाही माहीत आहे. आमच्या उपचाराबद्दल कळल्यावर नातेवाइकांनी विचारलेला पहिला प्रश्न ‘तब्येत कशी आहे’ हा नव्हता. “बाई आपल्यातलीच आहे ना?” हा होता. इथल्या फॉर्मवर डोनरचा वंश, उंची, डोळ्यांचा रंग असं सगळं असतं, जात नसते. नाव कळलं की आडनाव कळतं, आणि महाराष्ट्रात आडनावाबरोबर पुढचं सगळं कळतं. मराठा घरात वाढलेल्या मुलाला उद्या कळलं की आपली बीजदात्री बौद्ध घरातली होती, किंवा ब्राह्मण घरातल्याला कळलं की ती धनगर होती, तर? गुप्ततेच्या बाजूने बोलणारे बरेच लोक डोनरच्या खासगीपणाचं नाव घेतात, पण त्यांच्या मनातली खरी धास्ती ही असते. मी त्यांना एवढंच विचारते: हे मूल तुमच्या मांडीवर वाढलं, तुमच्या पंक्तीला जेवलं, तुमच्या देवापुढे नमस्कार करायला शिकलं. एक आडनाव कळल्याने त्यातलं नेमकं काय पुसलं जाणार आहे? जात रक्तातून येते हा समज खोटा आहे हे दाखवणारं याहून जिवंत उदाहरण घरात दुसरं कुठलं मिळणार? कायद्याने तर अशा धास्तीला आसरा देऊच नये.

आणि यासाठी आपल्याला इंग्लंडकडे पाहायची गरज नाही. पुण्यात 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. गुप्तता होती ती त्या बाईच्या जिवासाठी. पण तिथेच जन्मलेला काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला तेव्हा त्याचं मूळ त्यांनी दडवलं नाही. यशवंत फुले हे नाव त्याला मिळालं, तो डॉक्टर झाला. त्याला मुलगी मिळायला अडचण आली, हेही खरं. 1889 मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न झालं. माळी घरातल्या माणसांनी ब्राह्मणाच्या पोटचं मूल आपलं केलं आणि जगाला सांगितलं. हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जमलं. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालणाऱ्या घरांनी आज आपल्याच लेकराला त्याचं मूळ सांगायला घाबरू नये असं मला मनापासून वाटतं.

आत्याच्या आक्षेपापेक्षा मला दुसरा आक्षेप जड वाटतो, तो खुद्द डोनरच्या बाजूचा. भारतात बीज देणारी बाई बहुतेकदा गरीब असते. एजंटामार्फत येते, घरात अडचण असते, नवऱ्याला माहीत असतं पण सासरी कळलेलं नसतं. अठरा-वीस वर्षांनी एक तरुण मुलगा चाळीच्या दारात उभा राहिला तर तिचं काय होईल? माझ्या मुलीचं जगणं एका डोनर बाईच्या शरीरातून आलेलं आहे, त्यामुळे अशा बाईला धोका होईल असं काही मी मागणार नाही. ज्यांनी गुप्ततेच्या शब्दावर आधीच बीज दिलं आहे, त्यांचा शब्द मोडू नये. ब्रिटननेही 2005 च्या आधीच्या डोनरवर सक्ती केली नाही. ज्यांना स्वतःहून पुढे यायचं होतं त्यांना येऊ दिलं. पण पुढे नोंदणी करणाऱ्या बाईला आधी नीट, तिच्या भाषेत समजावून सांगता येईल की मूल मोठं झाल्यावर तुमचं नाव त्याला कळू शकतं. ज्या बाईला हे सांगायचीच सोय नाही, तिच्याकडून बीज घेणं मुळात योग्य आहे का, हा प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवा. इथे स्त्री डोनरला एका वेळचा मोबदला ठरलेला आहे, ऑक्टोबर 2024 पासून 985 पौंड. रक्कम उघड आहे, कुणी मध्ये खात नाही. भारतात बीजांच्या विक्रीला बंदी आहे आणि तरी पैसे फिरतात, आणि त्यातले त्या बाईच्या हातात किती पडतात हे कुठल्याही कागदावर येत नाही. तिची ओळख लपवण्याने तिचं रक्षण झालेलं नाही. तिच्या मागचा एजंट मात्र सुरक्षित राहिला आहे.

नाव उघड झालं तर डोनरच मिळणार नाहीत, असंही म्हणतात. ब्रिटनमध्ये डोनर संपले नाहीत. पण इथल्या नव्या वीर्यदात्यांत निम्म्याहून अधिक आता परदेशातून येतात, मुख्यतः डेन्मार्क आणि अमेरिकेतून, आणि त्याचे स्वतःचे धोके आहेत. डेन्मार्कच्या एका बँकेतल्या एका दात्यात कर्करोगाचा धोका वाढवणारा टीपी53 या जनुकातला दोष निघाला. त्याच्यापासून युरोपात किमान 197 मुलं झाल्याचं 2025 मध्ये उघड झालं. त्यातली काही मुलं आजारी पडली, काही दगावली. दहा कुटुंबांची ब्रिटिश मर्यादा ब्रिटनच्या हद्दीतच लागू असते. इथली व्यवस्था मी डोक्यावर घेऊन नाचत नाही, त्याचं हेही एक कारण.

आजाराचा मुद्दा आला तर ऑस्ट्रेलियातली नरेल ग्रेच आठवते. विशीच्या अखेरीस तिला आतड्याचा कर्करोग झाल्याचं कळलं, तोही पुढच्या टप्प्यावरचा. तिच्या बीजदात्याला आणि त्याच्या इतर मुलांना धोका कळवायचा, तर नाव कायद्याने बंद. व्हिक्टोरिया राज्याच्या प्रमुखांनी लक्ष घातल्यावर 2013 मध्ये तिची वडिलांशी भेट झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच ती गेली, तीस वर्षांची. व्हिक्टोरियाने पुढे कायदा बदलला आणि 1 मार्च 2017 पासून कुठल्याही वर्षी डोनरपासून जन्मलेल्या व्यक्तीला ओळख मागण्याचा हक्क दिला. भारतात मधुमेह आणि हृदयविकार घराघरात आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, “आईवडिलांना होता का?” त्या प्रश्नाला आयुष्यभर चुकीचं उत्तर देत राहणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते.

ब्रिटनच्या व्यवस्थेतल्या उणिवाही सांगायला हव्यात. चाळिशीच्या आतल्या स्त्रीला सरकारी खर्चाने तीन पूर्ण सायकल मिळाव्यात असं इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रत्यक्षात तुमचा पत्ता कुठला यावर सगळं ठरतं. 2019 मध्ये आयव्हीएफच्या 35 टक्के सायकलना सरकारी पैसा मिळाला होता, 2023 मध्ये 27 टक्क्यांना. बाकीचे लोक घर गहाण टाकून किंवा कर्ज काढून करतात. आईवडिलांनी मुलाला सांगितलंच पाहिजे अशी सक्ती इथेही नाही आणि जन्मदाखल्यावर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे ज्याला घरातून कळलं त्यालाच हक्क वापरता येतो. विज्ञानही थांबलेलं नाही. जुलै 2025 मध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) दुसऱ्या स्त्रीच्या बीजातून घेऊन झालेल्या आठ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. तिथे मात्र कायदा दात्रीची ओळख देत नाही, कारण तिचा वाटा अगदी अल्प असतो. हा फरक मला पटतो.

सगळ्यात जास्त मला त्रास होतो तो इथल्या आपल्याच लोकांच्या वागण्याचा. दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्री डोनर ब्रिटनमध्ये कमी आहेत. वाट पाहायला लागते. म्हणून काही मराठी, गुजराती, पंजाबी जोडपी सुट्टीत भारतात जाऊन डोनर एगचा उपचार करून येतात. तिथे लवकर होतं, स्वस्त होतं, आणि कुणाला कळत नाही. मूल इथे जन्मतं, इथल्या शाळेत जातं. त्याच्या वर्गातल्या डोनरच्या मुलाला अठराव्या वर्षी नाव कळेल. याला नाही, कारण इथल्या नोंदवहीत ते नाहीच. आमच्या ओळखीत असं एक घर आहे. त्यांचा मुलगा माझ्या मुलीबरोबर खेळतो आणि आम्ही घरात जे उघड बोलतो ते त्याच्यासमोर बोलू नये म्हणून त्याच्या आईने मला गळ घातली आहे. मी तिचं ऐकते. पण डीएनए तपासणीचे डबे इथे नाताळला भेट म्हणून मिळतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्या मुलाने नळीत थुंकून पाठवलं तर त्याला हे एका ईमेलमधून कळणार आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. राष्ट्रीय नोंदवहीतली ओळख न पटवणारी माहिती आणि वैद्यकीय इतिहास सोळा पूर्ण झालेल्या व्यक्तीला हक्काने मिळावा. यापुढे नोंदणी करणाऱ्या डोनरची ओळख अठरा पूर्ण झाल्यावर मिळावी, आणि हे डोनरला आधीच सांगून, तिची लेखी संमती घेऊन. जुन्या डोनरसाठी दत्तक नियमांसारखी संमती विचारण्याची वाट ठेवावी. समुपदेशक मराठीत बोलणारा असावा. वयोमर्यादा आणि लग्नाची अट यांच्यावरच्या लढाया चालू राहतील आणि राहाव्यात, पण त्यांच्या निकालाची वाट न पाहता हे करता येतं.

वेळही हाताशी आहे. 2022 च्या नोंदी क्लिनिककडून राष्ट्रीय नोंदवहीकडे जायला 2032 पासून सुरुवात होईल. त्या उपचारांतून झालेली पहिली मुलं 2040 च्या सुमारास अठरा वर्षांची होतील. तोवर जी जोडपी आज क्लिनिकमध्ये बसली आहेत त्यांना सांगते: डोनरबद्दल जे कागदावर द्यायला क्लिनिकला परवानगी आहे ते सगळं मागून घ्या, म्हणजे वय, उंची, रक्तगट, शिक्षण, केलेल्या तपासण्या. फाईल फेकू नका. आणि मुलाला शाळेआधी सांगायला लागा, अगदी दोन वाक्यांत. इथे डोनर कन्सेप्शन नेटवर्क नावाची पालकांची संस्था 1993 पासून लहान मुलांसाठी अशी पुस्तकं काढते. आजी-आजोबांना नातवंडांना वाचून दाखवता येईल असं पुस्तक मराठीतही हवं, ते कुणी लिहायला घेतलं तर मी आनंदाने मदत करेन.